लून : एका पक्ष्यावर आलेला वेडाचा आळ

कॅनडात एक डॉलरच्या नाण्याला फारसं कुणी डॉलर म्हणत नाही. दुकानदार, बसचे प्रवासी, शाळकरी मुलं, सगळे त्याला ‘लूनी’ म्हणतात. टोरोंटोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यातही हा शब्द रुळला आहे. नाणं सोनेरी, अकरा बाजूंचं, आणि त्यावर तळ्यात शांत तरंगणारा एक पक्षी. त्या पक्ष्याचं नाव लून, म्हणून नाणं लूनी. इथवर सगळं सरळ आहे. पण इंग्रजीत ‘लूनी’ म्हणजे डोकं फिरलेला, वेडगळ असाही अर्थ आहे. ‘लूनसारखा वेडा’ ही उपमा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून रूढ आहे. मग पक्ष्यावरून वेडाला हे नाव पडलं, की वेडावरून पक्ष्याला?

खरं तर दोन्हीही नाही. एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले तीन शब्द कानाला सारखे लागतात म्हणून एकत्र आले, आणि त्यांच्या संगतीत एका शहाण्या पक्ष्यावर वेडाचा शिक्का बसला. हा आळ कसा आला आणि कसा फिटत गेला, ती हकिगत शब्दांच्या अभ्यासाइतकीच माणसाच्या कानांबद्दलही बरंच काही सांगते.

बुडी मारण्यासाठीच घडलेला

लून आपल्याकडचा पक्षी नाही. त्याच्या पाच जाती आहेत आणि पाचही उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात वीण घालतात. नाण्यावर आहे तो ‘कॉमन लून’. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडची राज्यं, ग्रीनलंड आणि आइसलंड इथली गोड्या पाण्याची तळी हे त्याचं उन्हाळी घर. हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा तो समुद्राकडे जातो. उन्हाळ्यात त्याचं रूप बघण्यासारखं असतं : काळ्याभोर पाठीवर पांढऱ्या चौकड्या, गळ्याभोवती पांढऱ्या रेघांची पट्टी, खंजिरासारखी चोच आणि लालभडक डोळे. हिवाळ्यात हा सगळा थाट उतरतो आणि तो करडा होतो.

आपल्या तळ्यांवर दिसणारी टिबुकली, जिला पाणडुबीही म्हणतात, आणि खडकावर पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा, हे दोघेही बुडी मारण्यात पटाईत. लून या दोघांहून वेगळ्या कुळातला आहे, पण धंदा तोच. त्याचं सगळं शरीर त्या धंद्यासाठी घडलं आहे. बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, लूनची बरीचशी हाडं भरीव. अंगही चांगलं तीन ते सहा किलोंचं. पिसं अंगाशी घट्ट आवळून तो त्यांतली हवा बाहेर काढतो आणि पाण्यावर एक तरंगही न उठवता खाली जातो. साठ मीटर खोलीपर्यंत त्याने बुडी मारल्याच्या नोंदी आहेत. पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला, त्यामुळे पाण्यात ते जोरात रेटा देतात. पकडलेले बहुतेक मासे तो पाण्याखालीच गिळून टाकतो.

या कौशल्याची किंमत त्याला जमिनीवर मोजावी लागते. पाय इतके मागे की त्याला धड उभंही राहता येत नाही. घरटं पाण्याला लागूनच असतं, आणि तेवढं अंतरही तो पोटावर सरपटत, पायांनी ढकलत कापतो. उडायचं तर पंख फडफडवत, पाण्यावर पाय आपटत बराच लांब धावावं लागतं. वाऱ्याचा जोर नसेल तर ही धाव शेकडो मीटरची होते. कधी कधी स्थलांतराच्या वाटेवर पावसाने ओला झालेला डांबरी रस्ता किंवा वाहनतळ त्याला वरून पाण्यासारखा दिसतो. तो तिथे उतरतो आणि अडकतो. कुणी उचलून तळ्यात नेऊन सोडलं नाही तर त्याची सुटका नाही. एकदा आकाशात चढला की मात्र तो ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने जातो.

तीन शब्द, तीन घराणी

आता शब्दाकडे वळू. पक्ष्याचं नाव म्हणून ‘लून’ इंग्रजीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागतं. १६३४ साली विल्यम वुड या इंग्रज लेखकाचं न्यू इंग्लंडच्या भूमीची ओळख करून देणारं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. त्यात हा पक्षी आहे. वुड त्याची तुलना पाणकावळ्याशी करतो आणि याला चालताही येत नाही, उडताही येत नाही, असं नोंदवतो. चालण्याबद्दल त्याचं निरीक्षण बरोबर होतं. उड्डाणासाठी लागणारी लांब धाव त्याच्या पाहण्यात आली नसावी.

या नावाचं मूळ उत्तर युरोपात आहे. व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत या कुळातल्या पक्ष्याला ‘लोम्र’ म्हणत. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आजही ‘लोम’ म्हणतात, आइसलंडमध्ये ‘लोमुर’. इंग्रजीत तो शब्द आधी ‘लूम’ असा आला आणि पुढे ‘म’चा ‘न’ झाला. ‘लोम्र’ हा पक्ष्याच्या आवाजावरून घडला असावा, असं शब्दांची कुळी शोधणाऱ्या अनेक अभ्यासकांचं मत आहे. त्यांच्यापैकी काहींनी तो ओरडणं, आक्रोश करणं या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडला आहे. त्याच धातूपासून लॅटिनमधला विलापाचा शब्द आला असं ते मानतात. पक्ष्याच्या अडखळत्या चालीवरून, म्हणजे लंगडा या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलं, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पण ज्याने एकदा हा आवाज ऐकला, त्याला आवाजाचाच दावा पटेल.

दुसरा ‘लून’ माणसांसाठी वापरला जाणारा. पंधराव्या शतकापासून तो इंग्रजीत आणि स्कॉट्स भाषेत आहे. अर्थ : टवाळ, हलकट, नालायक माणूस. शेक्सपिअरच्या नाटकात भीतीने पांढराफटक पडलेला नोकर निरोप घेऊन येतो, तेव्हा मॅकबेथ त्याच्यावर हाच शब्द फेकतो. ईशान्य स्कॉटलंडमध्ये याच शब्दाची धार पुढे बोथट झाली आणि तिथे ‘लून’ म्हणजे साधा ‘पोरगा’. ॲबर्डीनच्या परिसरात आजही आई आपल्या मुलाला प्रेमाने लून म्हणते. या शब्दाचा पक्ष्याशी काही संबंध नाही.

तिसरं घराणं चंद्राचं. ‘लूना’ हे नाव आपल्याकडे मोपेडमुळे घरोघरी पोचलं. लॅटिनमध्ये लूना म्हणजे चंद्र. चंद्राच्या कलांबरोबर माणसाच्या वेडाला भरती-ओहोटी येते, अशी युरोपात जुनी समजूत होती. म्हणून ज्याला वेडाचे झटके येतात तो ‘ल्युनॅटिक’, अर्थात चंद्राने झपाटलेला. हा शब्द कायद्यातही शिरला आणि ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आला. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’च्या नावातच तो होता. तो कायदा रद्द करणारा मानसिक आरोग्य कायदा १९८७ साली झाला. अमेरिकेने आपल्या केंद्रीय कायद्यांतून ‘ल्युनॅटिक’ हा शब्द २०१२ मध्ये काढून टाकला. ‘लूनी’ हे विशेषण या ल्युनॅटिकचं बोलीतलं आखूड रूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते अमेरिकी इंग्रजीत रुजलं.

म्हणजे एक शब्द उत्तरेच्या तळ्यांवरचा, दुसरा रस्त्यावरच्या शिवीगाळीतला आणि तिसरा आकाशातला. तिघांचा उच्चार जवळजवळ सारखा. त्यात तळ्यावरचा पक्षी रात्री असा काही आवाज काढायचा, की नव्याने आलेल्या वसाहतकारांच्या अंगावर काटा यायचा. चांदण्या रात्री वेडसर हसण्यासारखा आवाज आणि ओरडणाऱ्याचं नाव लून! तिन्ही धागे एकमेकांत गुंतायला आणखी काय हवं होतं?

ज्याने जे टिपलं, त्याने ते नाव दिलं

याच पक्ष्याकडे इतरांनी कसं पाहिलं, ते नावांवरून कळतं. ब्रिटनमध्ये या कुळाला ‘डायव्हर’ म्हणतात, म्हणजे बुड्या मारणारा. फ्रेंचांचा ‘प्लाँजाँ’ही त्याच अर्थाचा. जर्मनांनी त्याला ‘समुद्रात बुडी मारणारा’ म्हटलं. या सगळ्यांनी त्याचं कसब टिपलं. उत्तरेच्या नॉर्स लोकांनी बहुधा आवाज टिपला.

स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर लाल गळ्याच्या लूनला ‘पावसाचा हंस’ म्हणतात. त्याच्या ओरडण्यावरून आणि उडण्यावरून तिथले लोक पावसाचा अंदाज बांधत. मराठी माणसाला हे नाव परकं वाटणार नाही. आपला पावशा रोहिणी-मृगाच्या सुमाराला ओरडू लागतो आणि शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. समुद्रकाठच्या बेटावरचा कोळी आणि देशावरचा शेतकरी, दोघांनी आपल्या पोटापाण्याची खबर पक्ष्याच्या आवाजात ऐकली आणि त्यावरून नाव दिलं.

उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांभोवती राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत या पक्ष्याचं नाव ‘मांग’. त्यांच्यात लूनचं एक कूळच आहे. क्रौंच आणि लून या दोन कुळांकडे परंपरेने मुखियापणाचा मान होता. कुळाला ते ‘डोडेम’ म्हणतात. समाजशास्त्रामुळे जगभर पसरलेला ‘टोटेम’ हा शब्द इथूनच आला. ज्या पक्ष्याला एका भाषेने वेड्यांत काढलं, त्याच्या नावावर दुसऱ्या समाजात नेतृत्व चालत होतं.

सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथांतही तो आहे. सगळीकडे पाणीच पाणी होतं, तेव्हा कुणीतरी तळाशी बुडी मारून चिमूटभर चिखल वर आणला आणि त्याची पृथ्वी झाली, अशी कथा सैबेरियापासून उत्तर अमेरिकेपर्यंत सांगितली जाते. सैबेरियातल्या कथांत बुडी मारणारा बहुधा लूनच असतो. ओजिब्वे कथेत तो प्रयत्न करतो, पण हात टेकतो आणि शेवटी मस्करॅट हा पाण्यात राहणारा उंदरासारखा चिमुकला प्राणी ते काम करतो. समुद्रात बुडालेली पृथ्वी सुळ्यांवर तोलून वर आणणारा आपला वराह अवतार याच कथाकुळाशी जोडून पाहणारे अभ्यासक आहेत.

एकच आवाज, दोन कान

हेन्री डेव्हिड थोरोच्या ‘वॉल्डन’ या १८५४ सालच्या पुस्तकात लूनचा एक प्रसंग आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने ते पुस्तक मराठीत आणलं, त्यामुळे आपल्या वाचकांनाही तो भेटला असेल. शरद ऋतूत थोरो होडी घेऊन तळ्यावर लूनचा पाठलाग करतो. पक्षी बुडी मारतो, थोरो तो कुठे वर येईल याचा अंदाज बांधून तिकडे वल्हवतो, आणि पक्षी भलतीकडेच वर येऊन मोठ्याने हसल्यासारखा ओरडतो. निसर्गाचा इतका जाणता निरीक्षक, पण त्यालाही त्या हसण्यात सैतानी काहीतरी जाणवलं.

न्यू इंग्लंडच्या त्याच भूभागातल्या वाबनाकी लोकांच्या कथा वेगळं सांगतात. त्यांचा लोकनायक ग्लूस्कॅप याचे लून हे दूत होते. त्याला बोलवायचं असेल तर कसं ओरडायचं, हे त्यानेच त्यांना शिकवलं. पुढे ग्लूस्कॅप निघून गेला. लून अजून त्याला हाक मारतात. आवाज तोच, तळीही तीच. परक्या मुलखात रात्रीला भ्यालेल्या माणसाने त्यात वेड ऐकलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्याने त्यात निष्ठा ऐकली.

विसाव्या शतकात पक्षी-अभ्यासकांनी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तळ्याकाठी ठाण मांडलं, तेव्हा कळलं की लूनच्या ओरडण्यात चांगली शिस्त आहे. त्याचे मुख्य आवाज चार. पहिला आखूड, हलका हुंकार. पिल्लं आणि जोडीदार जवळ असताना, घरातल्या घरात बोलावं तसा. दुसरा लांब, चढत जाणारा, लांडग्याच्या हाकेची आठवण करून देणारा. एकमेकांपासून दूर गेलेली जोडी ‘कुठे आहेस?’ असं विचारते आणि पलीकडून उत्तर येतं. तिसरा कापरा, थरथरता. हेच ते कुप्रसिद्ध ‘वेडं हसणं’. होडी फार जवळ आली, घरट्यावर गरुड घिरट्या घालू लागला, की हा आवाज येतो. म्हणजे लोक ज्याला हसणं समजत होते, ती घाबरलेल्या किंवा अस्वस्थ झालेल्या पक्ष्याची हाकाटी होती. थोरोची होडी मागे लागलेली असताना त्या पक्ष्याने दुसरं काय करायला हवं होतं?

चौथा आवाज फक्त नराचा. मान पाण्यालगत ताणून, पुन्हा पुन्हा हेलकावे देत तो ओरडतो आणि तळ्यावरची आपली हद्द जाहीर करतो. प्रत्येक नराचा हा आवाज ओळखता येण्याइतका वेगळा असतो. अंगाने मोठ्या नराचा आवाज खर्जातला, त्यामुळे ऐकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला समोरच्याच्या ताकदीचा अंदाज येतो. अमेरिकी संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली. नर एक तळं सोडून दुसऱ्या तळ्याचा ताबा घेतो, तेव्हा तो आपला हा आवाजही बदलतो. त्या तळ्याच्या आधीच्या मालकाच्या आवाजाहून तो वेगळा करतो. कोण कुठे राहतं हे सांगणारी ही इतकी काटेकोर भाषा आहे. वेडाचा इथे काय संबंध?

नाणं आणि नव्याने मिळालेला मान

कॅनडाच्या नाण्यावर लून आला तोही योगायोगानेच. १९८० च्या दशकात सरकारने एक डॉलरच्या नोटेऐवजी नाणं काढायचं ठरवलं. नाण्यावर पूर्वीपासून चालत आलेलं चित्रच येणार होतं : होडी वल्हवणारा फरचा व्यापारी आणि त्याचा आदिवासी सोबती. एमॅन्युएल हान या शिल्पकाराचं १९३५ सालचं ते काम. पण नोव्हेंबर १९८६ मध्ये त्या नाण्याचे मूळ साचे ओटावाहून विनिपेगच्या टांकसाळीकडे जाताना वाटेतच गहाळ झाले. ते कुणाच्या हाती लागले तर बनावट नाणी पडतील, या भीतीने चित्रच बदलायचं ठरलं. एको बे या ओंटारिओतल्या छोट्या गावचे चित्रकार रॉबर्ट-राल्फ कार्मायकल यांचं लूनचं चित्र निवडलं गेलं. ३० जून १९८७ ला नाणं बाजारात आलं.

लोकांनी त्याला लगेच ‘लूनी’ म्हणायला सुरुवात केली. क्वीबेकमध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांनी आपल्या भाषेतल्या लूनच्या स्थानिक नावावरून ‘ह्युआर’ म्हटलं. १९९६ मध्ये दोन डॉलरचं नाणं निघालं, तर ‘टू’ आणि ‘लूनी’ मिळून ‘टूनी’ हा शब्द तयार झाला, जरी त्या नाण्यावर अस्वल असलं तरी. आता परकीय चलनाच्या बाजारात कॅनडाच्या डॉलरचं टोपणनावच लूनी आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीच्या मैदानाचा बर्फ तयार करणाऱ्या पथकात एडमंटनचे ट्रेंट इव्हान्स होते. त्यांनी मैदानाच्या मध्यबिंदूखाली एक लूनी गुपचूप गोठवून ठेवली. कॅनडाच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकलं आणि पुरुषांनी पन्नास वर्षांनंतर जिंकलं. ते नाणं टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयात पोचलं. वेडगळ या अर्थाचा शब्द एका देशाच्या अभिमानाचा आणि शुभशकुनाचा शब्द झाला. अमेरिकेतही मिनेसोटाने १९६१ मध्ये लूनला राज्यपक्षी केलं होतं.

खरा झटका शिशाचा

मान मिळाला तरी धोका टळला नाही. मासे पचवण्यासाठी लून तळाचे बारीक खडे गिळतो. पोटातल्या पेषणीत ते खडे माशांचे काटे दळतात. गळाला बांधलेल्या शिशाच्या छोट्या गोळ्या तळाशी पडून राहतात आणि त्या खड्यांसारख्याच दिसतात. दोरा तुटलेला गळ तोंडात घेऊन पळालेला मासा खाल्ला, तरी शिसं पोटात जातं. एक गोळी पुरेशी असते. पेषणीत ती झिजते, शिसं रक्तात उतरतं आणि मज्जासंस्थेवर घाला घालतं. मग पक्षी थरथरतो, त्याचा तोल जातो, त्याला बुडी मारता येत नाही, तो काठाला लागतो आणि काही आठवड्यांतच मरतो. न्यू इंग्लंडमध्ये मरून सापडलेल्या प्रौढ लूनच्या तपासण्यांत शिशाची विषबाधा हे मृत्यूचं एक मोठं कारण ठरलं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये लूनच्या रक्षणासाठी १९७५ पासून संस्था काम करते आहे आणि त्या राज्याने शिशाच्या छोट्या गोळ्यांवर कायद्याने बंदी घातली आहे. टंगस्टन आणि कथलाच्या गोळ्या मिळतात, त्या मासेमारीला चालतात. प्रश्न फक्त सवय बदलण्याचा आहे. शतकानुशतकं ज्याला उगाच वेडा म्हटलं, त्या पक्ष्याचं भान खरोखर हरपतं ते माणसाने टाकलेल्या विषामुळे. ही गोष्ट मला फार टोचते.

नाव ठेवणं या मराठी वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत आणि पक्ष्यांच्या बाबतीत माणसाने दोन्ही केलं आहे. आपणही बगळ्याला ढोंगी ठरवलं आणि घुबडाचं नाव शिवी म्हणून वापरलं. टिटवी रात्री ओरडली की अपशकुन मानणारी घरं अजून आहेत. टिटवी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडी घालते. कुत्रं, कोल्हा किंवा माणूस तिकडे फिरकला की ती ओरडून, अंगावर धावून त्याला हुसकावते. तिचं ओरडणं म्हणजे राखण आहे. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि ‘पक्षिकोशा’त जपली. त्या नावांत पक्ष्यांविषयीचं पिढ्यांचं निरीक्षण साठलेलं आहे, आणि काही नावांत पिढ्यांचा गैरसमजही. त्यातलं कुठलं काय, हे ठरवायला शब्दकोश अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. पुढची वाट तळ्याकाठी किंवा माळावर बसून ऐकण्याची आहे. लूनला त्याच्या नावातून आलेल्या वेडापासून मोकळं केलं ते अशाच ऐकणाऱ्यांनी. टिटवीवरचा अपशकुनाचा आळ काढायला तर आपल्याला ध्वनिमुद्रकाचीही गरज नाही. ती ओरडेल तेव्हा ती कशाची राखण करते आहे, एवढं पाहिलं तरी पुरे.